देव रुसला आहे, असे वाटणाऱ्या ताईंना

प्रश्न : माझे वय ४८ आहे. दारव्हा तालुक्यात आमचे गाव आहे आणि घरची आठ एकर कोरडवाहू शेती आहे. मुलगी मूर्तिजापूरला दिली, मुलगा पुण्याला कंपनीत नोकरीला आहे. सासूबाईंना लकवा मारला तेव्हापासून सहा वर्षे त्या खाटेवर होत्या आणि त्यांचे सगळे मीच केले. गेल्या फाल्गुनात त्या वारल्या. आता मालक सकाळी वावरात जातात आणि घर खायला उठते. मीही कापूस वेचायला जाते, पण संध्याकाळी घरी आल्यावर आपण कोणासाठी आलो असे वाटते. रात्री तीन वाजता अजूनही जाग येते, कारण त्या वेळी त्या हाक मारत असत.

देवाच्या जवळ गेले की जगण्याला अर्थ सापडतो, असे कीर्तनात ऐकते. म्हणून श्रावणापासून सोळा सोमवार धरले. गजानन महाराजांच्या पोथीची तीन पारायणे केली. ओठ वाचतात, पण मन लागत नाही आणि देव जवळ असल्याचे काही जाणवत नाही. सोयाबीनच्या सोंगणीत मला ताप आला आणि अकरावा सोमवार चुकला. जाऊबाई म्हणतात की त्याचाच हा दोष आहे, व्रत पुन्हा पहिल्यापासून धर. मुलगा म्हणतो, आई, देवदेव सोड आणि बचत गटात काम कर. सासूबाई गेल्या त्या दिवशी मला सुटल्यासारखे वाटले होते, हे मी कोणालाच सांगितलेले नाही. देवाला ते कळले असेल आणि म्हणून तो रुसला असेल का? माझे आता या जगात काम काय उरले आहे?

— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रश्न अनेक आहेत, पण जे तुम्ही कोणालाच सांगितले नाही असे लिहिले आहे, तिथूनच मी सुरुवात करते, कारण बाकीच्या बऱ्याच गाठी त्या एका गाठीला बांधलेल्या आहेत असे मला वाटते. सहा वर्षे रोज रात्री उठून एका मोठ्या माणसाला कुशीवर वळवणे, अंथरूण बदलणे, तोंडात पाण्याचे घोट घालणे आणि पहाटे पुन्हा चूल, कोठा आणि वावर पाहणे, एवढे ज्या देहाने केले त्या देहाला काम थांबल्यावर सुटका वाटली, तर त्यात पाप कोठे आहे? ज्यांनी अंथरुणावर खिळलेल्या माणसाची मनापासून शुश्रूषा केली आहे, त्यांतील बहुतेकांना हा क्षण माहीत असतो, आणि बहुतेक जण तुमच्यासारखेच तो लपवतात. माणूस गेल्याचे दुःख आणि ओझे उतरल्याची जाणीव एकाच वेळी, एकाच मनात राहू शकतात. सुटका वाटली म्हणून प्रेम खोटे ठरत नाही. तुम्हाला तीन वाजता अजून जाग येते, यावरून तरी ते खोटे नव्हते हे दिसते.

आता देवाविषयी. देवाला ते कळले असेल का, असे तुम्ही विचारता. तो अंतर्यामी आहे असे आपण मानत असू, तर त्याला ते तुमच्या आधी कळलेले असणार. पण मग त्याला त्या सहा वर्षांतल्या रात्रीही कळलेल्या असणार. तुमच्या मनातल्या हिशोबात देवाने तुमचा एक क्षण पाहिला आणि दोन हजारांहून अधिक रात्री मात्र पाहिल्याच नाहीत, असे झाले आहे. असा एकाच बाजूने पाहणारा देव मला तरी आपल्या संतांच्या वाङ्मयात कोठे भेटलेला नाही. तो रुसलेला नाही, तुम्हीच त्याच्यापासून तोंड चुकवीत आहात, असे मी म्हटले तर रागावू नका.

जे मन काही लपवीत असते, ते मोकळे बसू शकत नाही. व्याह्यांच्या घरी आपण कसे बसतो, पदर नीट घेऊन, विचारले तेवढेच बोलून आणि नको तो विषय निघू नये म्हणून जपून, तसे तुम्ही सध्या देवापुढे बसत आहात. पोथी अगदी शुद्ध वाचली जाते, नैवेद्य वेळेवर होतो, पण ज्या गोष्टीने जीव पोळला आहे तिचा उच्चारही होत नाही. मग मन लागावे कसे? त्याला दुसरीकडे लक्ष ठेवायचे असते ना!

आपल्या परंपरेत भक्तांनी देवाशी इतक्या सभ्यपणे व्यवहार केलेला नाही. जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल जात्यावर बसून दळू लागतो, म्हणजे देवाला त्यांनी देव्हाऱ्यातून उठवून थेट घरकामात ओढले. नामदेव विठ्ठलाशी भांडले, रुसले आणि त्याला जाबही विचारला. अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज तर आपल्याच मुलखातले. १८८१ साली जन्मलेल्या या पुरुषाची दृष्टी तान्हेपणीच गेली, १९१५ साली म्हणजे अवघ्या ३४व्या वर्षी त्यांनी देह ठेवला, आणि तेवढ्या आयुष्यात दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेत आणि आपले सांगून लिहून घेत त्यांनी मोठी ग्रंथरचना केली. पण मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षा त्यांनी जोडलेल्या नात्याचे अधिक नवल वाटते. ज्ञानेश्वर माउलींना ते आपली माता मानत आणि स्वतःला त्यांची कन्या म्हणवीत. ईश्वराच्या दिशेने जाण्यासाठी त्यांनी आधी एक घर शोधले आणि त्या घरातले आपले नाते ठरवले. तुम्हीही हे ठरवावे. देव तुमचा कोण आहे? न्यायाधीश असेल तर तुम्ही जन्मभर उत्तरे देत बसाल. माय असेल, बाप असेल, पाठचा भाऊ असेल, तर त्याच्याशी बोलण्याची रीत आपोआप बदलेल.

म्हणून माझा पहिला सल्ला अगदी लहान आहे. एकदा, घरात कोणी नसताना, देव्हाऱ्यापुढे बसा आणि जे मला लिहिले तेच आपल्या बोलीत, मोठ्याने, देवाला सांगा. मनातल्या मनात सांगू नका, कारण मनात आपण वाक्य अर्धवट सोडून पळतो. सासूबाईंवर कधी राग आला होता तो सांगा, कधी हात आपटले असतील तर तेही सांगा, आणि कंटाळा, सुटका, आठवण, जे असेल ते सांगा. रडू आले तर थांबवू नका. गाडगेबाबांना कीर्तनात उभे असताना मुलगा गेल्याची बातमी कळली आणि तरीही त्यांनी कीर्तन पुढे चालू ठेवले, असे सांगतात. ही गोष्ट ऐकून आपल्या गावांतल्या कित्येक बाया स्वतःचे अश्रू गिळतात, हे मला मुळीच पटत नाही. ते त्यांचे सामर्थ्य होते आणि त्यांच्या चरित्रातच ते शोभते. तुमच्याकडून ते कोणीही मागितलेले नाही.

आणि ती तीन वाजताची वेळ. सहा वर्षांत शरीराला लागलेली सवय इतक्या लवकर सुटत नाही, तेव्हा झोप यावी म्हणून अंधारात डोळे मिटून तळमळत पडण्यापेक्षा उठून बसा, तोंडावर पाणी घ्या आणि दहा मिनिटे नाम घ्या. त्या वेळी सासूबाईंचेही नाव घ्यायला हरकत नाही. पुन्हा झोप आली तर झोपा. सध्या कार्तिक सुरू होत आहे आणि आपल्याकडे अनेक गावांत कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे मंदिरात काकडा होतो. तुमच्या गावात होत असेल तर जा. एवीतेवी जाग आलेलीच असते. काकड्याला जाण्याचा एक फायदा असा की तिथे तुमचे मन लागले की नाही हे कोणी विचारत नाही. टाळ कोणाच्या तरी हातात वाजत असतो, अभंग कोणी तरी म्हणत असते, आणि ज्या दिवशी आपल्याला आतून काहीच सुचत नाही त्या दिवशी दुसऱ्याच्या आवाजावर आपली भक्ती उभी राहते.

जाऊबाईंच्या म्हणण्याकडे वळते. त्यांचा हेतू वाईट नसेल, परंतु तापात चुकलेल्या सोमवाराचा दंड म्हणून देव मनात ओसाडी पाठवतो, हे मानायला मी तयार नाही. तुमच्या मनाची ही अवस्था सोमवार चुकण्याच्या कितीतरी आधीपासून आहे, हे तुमच्याच पत्रातून दिसते. ज्या अमरावती जिल्ह्याच्या मातीत गाडगेबाबा १८७६ साली जन्मले, तिथून निघून त्यांनी गावोगाव खराटा आणि कीर्तन घेऊन हेच सांगितले की नवस-सायासाच्या भीतीने देव मिळत नाही आणि देवाच्या नावावर कर्ज काढू नका. ज्या घरात सोयाबीनचा पैसा हातात येण्याआधीच वाटला जातो, तिथे व्रत पुन्हा पहिल्यापासून धरायचे आणि उद्यापनाचा खर्च वाढवायचा, यात धर्म कमी आणि धास्ती अधिक आहे.

तरीही मोजणे म्हणजे सगळे व्यर्थ, असे मी म्हणणार नाही, आणि याबाबतीत मला विनोबांच्या आईंची गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांनी देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता आणि रोज एकेक दाणा मोजून त्या वाहत. विनोबांचे वडील शास्त्रीय वृत्तीचे होते. त्यांनी सुचवले की थोड्या तांदळाचे दाणे मोजून वजन करावे आणि त्या मानाने लाखाचे वजन काढून एकदमच वाहावेत, म्हणजे काम सोपे होईल. आईंनी मुलाला विचारले. विनोबांनी सांगितले की हे गणित नव्हे, प्रत्येक दाण्याबरोबर देवाची आठवण होते, म्हणून दाणे मोजूनच वाहावेत. आता तुमच्या तीन पारायणांकडे या कसोटीने पाहा. प्रत्येक पानाबरोबर आठवण होत असेल तर तीनच काय, तीसही करा. पण तिसरे पारायण संपले तेव्हा चौथे कधी लागेल एवढीच आठवण राहिली असेल, तर थोडे थांबलेले बरे. गजानन विजय ग्रंथाचे अध्याय २१ आहेत. गुरुवारी एकच अध्याय वाचा आणि त्यातली जी ओवी अडेल तिथे थांबा, पुढे जाण्याची घाई करू नका. तेही जड वाटले तर विनोबांची ‘गीताई’ आणा. संस्कृत गीता आईला कळत नव्हती, तिने मराठीतली मागितली होती, आणि आई गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, १९३० ते १९३१ या काळात, मुलाने ती लिहिली. रोज एक श्लोक, सकाळी भाकरी टाकण्याआधी वाचायचा आणि वेचणी करताना मनात घोळवायचा. ओटीत कापूस पडत असतो, हात आपले काम जाणत असतात, आणि डोके मोकळे असते. देवासाठी निराळा वेळ काढता येत नाही असे म्हणणाऱ्या शेतकरी बाईकडे खरे तर असा वेळ सर्वांत जास्त असतो.

मन लागत नाही, याचेही एक साधे कारण तुम्ही दुर्लक्षित करीत आहात. अजून वर्षश्राद्धही झालेले नाही. सहा वर्षे ज्या एका माणसाभोवती तुमचा दिवस आणि रात्र फिरत होती, ते माणूस जाऊन आठ महिनेही पुरते झालेले नाहीत. शोकात मन कोठेच लागत नाही, भाजीत मीठ टाकले की नाही हे आठवत नाही, मग पोथीत ते कसे लागेल? याला देवाने पाठ फिरवली असे नाव देऊ नका. भक्ती म्हणजे मनात सतत काही तरी गोड जाणवणे, अशी समजूत कीर्तनातल्या रंगामुळे होते खरी, पण तुकोबांच्या अभंगांतही भेट होत नाही म्हणून केलेला आकांत भरपूर आहे. काही जाणवत नसतानाही जो ठरलेल्या वेळी येऊन बसतो, त्याचे बसणे वाया जात नाही, असे माझे मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

इथे एक व्यावहारिक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. तुमचे वय ४८ आहे. या वयात पाळी जाण्याच्या सुमारास झोप मोडते, उगाच रडू येते, अंगातून वाफा निघतात. थायरॉईड किंवा रक्ताची कमतरता असेल तरीही सगळे जग फिके वाटते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एकदा तपासून घ्या. आणि जगण्यात काम काय उरले, या प्रश्नाच्या मागे कधी जगूच नये असा विचार येत असेल, तर तो पोथीच्या भरवशावर ठेवू नका. मालकांना सांगा, मुलीला सांगा, आणि ‘टेली मानस’ या मनाच्या त्रासासाठीच्या मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो सरकारचा आहे, त्याला पैसे लागत नाहीत, आणि रात्री तीन वाजताही तो चालू असतो. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, असे कोणी म्हणाले तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका. जो कोणी याच काळात घरी येऊन दोष काढण्याची, शांती करण्याची आणि त्यासाठी हजारोंची भाषा करील, त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

आता तुमच्या मुलाविषयी. तो तुमच्यावर माया करतो म्हणूनच बोलतो, आणि त्याचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. परंतु देव सोड आणि समाजाचे काम कर, अशी जी वाटणी तो करतो, ती आपल्या भागातल्या मोठ्या माणसांनी केलेली नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचेच पाहा. १९०९ साली यावलीत जन्मलेल्या या माणसाने खंजिरीवर भजने म्हणत गावे जागी केली, १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला आणि ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत शेती, स्वच्छता, शिक्षण आणि स्त्रियांची स्थिती यांविषयी लिहिले. म्हणजे कामाच्या बाबतीत कोठेही कसर नव्हती. पण त्याच माणसाने सकाळचे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना गावाच्या दिनक्रमात रुजवली. त्यांना काम पुरेसे वाटले असते, तर रोज संध्याकाळी सगळ्या जातिपंथांच्या लोकांना एका रांगेत जमिनीवर बसवण्याचा खटाटोप त्यांनी कशाला केला असता? गाडगेबाबाही दिवसा गाव झाडत आणि रात्री त्याच गावात ‘गोपाला गोपाला’चा गजर करीत. दिवसाचा खराटा आणि रात्रीचे नाम यांतले एक काढून घेतले तर उरलेले फार दिवस टिकत नाही, असे मला गावोगावची कामे पाहून वाटते. नुसती सेवा करणाऱ्याला काही वर्षांनी कोणी आपले नाव घेत नाही याचा राग येऊ लागतो. नुसती पूजा करणारा शेजारी कोण उपाशी आहे हे विसरतो. मुलाला एवढे सांगा की बचत गटाचा विचार मी करीन, पण देव सोडणार नाही. त्याला वाद नको असेल तर तो ऐकेल.

तुमच्या गावात तुकडोजी महाराजांचे श्रीगुरुदेव सेवा मंडळ असेल, आणि आपल्या भागात ते पुष्कळ गावांत आहे, तर संध्याकाळच्या प्रार्थनेला जात जा. एकट्या जाऊ नका. पत्रात मालकांविषयी तुम्ही एवढेच लिहिले आहे की ते सकाळी वावरात जातात. ताई, त्यांची आई गेली आहे. आपल्याकडचे पुरुष हे दुःख वावरात नेऊन पुरतात आणि घरी येऊन मुकाट्याने जेवतात. घर तुम्हाला खायला उठते, तसे वावर त्यांना खायला उठत नसेल कशावरून? त्यांना म्हणा, आज माझ्यासोबत प्रार्थनेला चला. येताना वाटेत आईंचा विषय निघाला तर निघू द्या. सुटका वाटल्याची गोष्ट त्यांना सांगावी की नाही, हे तुम्ही ठरवा, तुम्ही त्यांना ओळखता. पण तीच गोष्ट त्यांनीही मनात दाबून ठेवलेली असण्याचा संभव मला फार वाटतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, माझे काम काय उरले. मला असे वाटते की देवाने आपल्यासाठी एक काम कोठे तरी लिहून ठेवले आहे आणि ते शोधून काढल्याशिवाय आयुष्य सुरू होत नाही, ही कल्पनाच माणसाला बसवून ठेवते. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेवांनी आपल्या वाट्याला आलेल्या कर्माचीच फुले करून ईश्वराची पूजा करायला सांगितली आहे. वाट्याला आलेले, हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे. सहा वर्षे तुमच्या वाट्याला एक कर्म आले, तुम्ही ते केले, आणि ते करताना तुम्ही असे काही शिकलात जे तुमच्या गावात फार थोड्यांना येते. लकवा झालेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून दिली नाही तर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात, हे तुम्हाला माहीत आहे. घास कोणत्या बाजूने द्यावा, पडूनच पाणी पाजले तर ठसका कसा लागतो, जड देह चादरीच्या मदतीने कसा सरकवावा, आणि चिडलेल्या म्हाताऱ्या माणसाशी रात्री काय बोलावे, हे सगळे तुमच्या हाताला आणि जिभेला माहीत आहे. तुमच्याच गावात आज निदान एखाद्या घरी तरी कोणी असेच अंथरुणावर पडलेले असेल आणि त्या घरची सून, लेक किंवा बायको हे सगळे चुकत चुकत शिकत असेल. तुमच्या गावच्या आशाताईंना विचारा. कोणत्या घरात असा रुग्ण आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

त्या घरी जा आणि रुग्णापेक्षा त्या सुनेकडे आधी पाहा. दुपारचे दोन तास तुम्ही बसलात आणि ती तेवढ्यात न्हाऊन, जेवून, थोडी पडली, तर तिच्या दृष्टीने तो सणाचा दिवस होईल. तुम्हाला त्या दोन तासांची किंमत वेगळी सांगायला नको. विनोबांच्या आईंचीच आणखी एक आठवण आहे. शेजारची बाई घरी नसली की त्या शेजाऱ्यांचा स्वयंपाक करून द्यायला जात, पण आधी आपल्या घरचा उरकून मग जात. मुलाने थट्टेने म्हटले की हा तर स्वार्थच झाला, आधी आपले आणि मग दुसऱ्याचे. आई म्हणाली, त्यांचा स्वयंपाक आधी केला तर त्यांच्या जेवणाच्या वेळेपर्यंत तो गार होईल. मला सेवेची ही जात आवडते. तिच्यात कोणताही अभिनिवेश नाही. त्या घरच्यांना जेवताना अन्न गरम मिळावे, एवढाच विचार आहे.

मात्र एक मर्यादा आधीच घालून घ्या. दुसऱ्या कोणाची सहा वर्षे अंगावर घेऊ नका. आठवड्यातून दोन दुपारी, तेही वेचणीचा जोर नसेल तेव्हा, एवढे पुरे. तुमच्यासारख्या बायांना नाही म्हणता येत नाही हे गावाला लवकर कळते, आणि मग ज्याच्या घरी दोन धडधाकट मुलगे आहेत तोही निरोप पाठवतो. ज्या घरात करणारे हात आहेत तिथे शिकवून या आणि करणारे हात नाहीत तिथेच करून या. आणि जाण्याआधी, घरातून निघताना, देव्हाऱ्यासमोर उभे राहून कोठे निघालात ते सांगून जा, परत आल्यावर काय झाले तेही सांगा. काही दिवसांनी देवाशी बोलायला विषय शोधावा लागणार नाही. आज त्या आजोबांनी दोन घास जास्त खाल्ले, आज ती पोर माझ्या खांद्यावर रडली, आज मला पुन्हा सासूबाईंची आठवण आली, असेच बोलणे होईल. देव जवळ आला की नाही याची तपासणी मात्र रोज करू नका.

दर सोमवारच्या व्रताचे काय करावे, ते सांगून थांबते. व्रत पुन्हा पहिल्यापासून धरू नका. चुकलेला सोमवार पुढे धरा आणि राहिलेले सोमवार प्रकृतीला झेपतील तसे पूर्ण करा. वेचणीच्या दिवसांत निरंकार उपास नको, फराळ करा, कारण उन्हात ओटी बांधून चालणाऱ्या बाईला चक्कर आली तर ते कोणत्याही देवाला आवडणार नाही. उद्यापनाला पंगती घालू नका. सासूबाईंना जी भाजी आवडत होती ती करा, एक डबा भरा आणि आशाताईंनी सांगितलेल्या घरी नेऊन द्या. जाऊबाईंनी विचारले तर त्यांनाही सोबत घेऊन जा. माझा अंदाज आहे की त्या येतील, आणि डबा दोघींनी मिळून नेलात तर पुढच्या फाल्गुनात सासूबाईंच्या वर्षश्राद्धाचा स्वयंपाकही दोघी मिळून कराल.